दोष बाईच्या स्वच्छतेचा नाही

वर्षातून तीन-चार वेळा लघवीची जळजळ सोसणारी बाई दवाखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्यासोबत दोन गोष्टी येतात. एक म्हणजे अँटिबायोटिकची चिठ्ठी, आणि दुसरी स्वच्छता ठेवण्याचा उपदेश. घरी सासू, जाऊ, शेजारीण हेच सांगतात आणि मोबाइलवर फिरणारे आरोग्यसंदेशही हेच सांगतात. पुढून मागे पुसा, सुती कपडे घाला, बाहेरच्या संडासात बसू नका, अंग स्वच्छ धुवा. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण ऐकणारीला त्यातून एकच गोष्ट समजते: हा त्रास तुला पुन्हा पुन्हा होतो, कारण तू स्वतःला नीट ठेवत नाहीस. या समजुतीला पुरावा नाही आणि ती निरुपद्रवीही नाही, असं माझं म्हणणं आहे. तिच्यामुळे रोगाची खरी कारणं शोधायची राहून जातात. जे टाळता येण्यासारखं आहे ते टळत नाही, आणि जबाबदारी मात्र जिला सगळ्यात कमी अधिकार आहे तिच्याच डोक्यावर बसते.

आधी आजार नीट समजून घेऊ. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन वेळा मूत्रसंसर्ग झाला तर वैद्यकशास्त्र त्याला ‘वारंवार होणारा’ म्हणतं. जगातल्या साधारण निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो, आणि त्यातल्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास स्त्रियांना सहा महिन्यांच्या आत तो पुन्हा होतो. यातले तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त संसर्ग ई. कोलाय या जिवाणूमुळे होतात. हा जिवाणू बाहेरच्या घाणीतून येत नाही. तो प्रत्येक माणसाच्या आतड्यात असतो, रोज अंघोळ करणाऱ्याच्याही आणि न करणाऱ्याच्याही. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो, पुरुषाचा वीस सेंटिमीटरच्या घरात. गुदद्वार, योनी आणि मूत्रद्वार एकमेकांच्या इतके जवळ असतात की ई. कोलाय तिथवर पोचणं ही शरीररचनेची गोष्ट आहे, ती साबणाने बदलत नाही. पोचलेला जिवाणू काहींच्या मूत्राशयात का टिकतो आणि काहींच्या का वाहून जातो, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा थेट तपास झालेला आहे. अमेरिकेतल्या सिएटलच्या संशोधकांनी 18 ते 30 वयाच्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या 229 स्त्रियांची तुलना तसा त्रास नसलेल्या 253 स्त्रियांशी केली आणि 2000 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुसण्याची दिशा, संबंधाआधी किंवा नंतर लघवीला जाणं, योनी आतून धुणं, घट्ट कपडे या सगळ्याची त्यांनी विचारपूस केली. यातल्या एकाचाही वारंवार होणाऱ्या संसर्गाशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो वेगळ्याच गोष्टींशी. लैंगिक संबंधांची वारंवारिता हा त्यातला सगळ्यात ठळक घटक होता. त्याखेरीज शुक्राणुनाशक मलमांचा वापर, पहिला संसर्ग पंधरा वर्षांच्या आत झालेला असणं, आणि आईलाही हाच त्रास असणं. शेवटचे दोन मुद्दे नीट पाहावेत. पंधराव्या वर्षाच्या आत झालेला संसर्ग आणि आईकडून आलेली प्रवणता यांत त्या मुलीच्या सवयींचा वाटा कितीसा असणार? काही स्त्रियांच्या मूत्रमार्गाच्या आणि मूत्राशयाच्या पेशींना जिवाणू जास्त घट्ट चिकटतो. ती जन्मजात गोष्ट आहे.

चिकटण्याचं हे काम कसं चालतं तेही आता बरंच कळलं आहे. ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात आणि त्यांच्या टोकाला असलेलं प्रथिन मूत्राशयाच्या पेशींवरच्या साखरेला पकडतं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या स्कॉट हल्टग्रेन यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं की हे जिवाणू पेशींच्या आत शिरून तिथे वसाहती करतात. स्त्रियांच्या लघवीत सापडलेल्या पेशींमध्येही अशा वसाहतींच्या खुणा त्यांना 2007 साली दिसल्या. पेशीच्या आत दडलेल्या जिवाणूपर्यंत अनेक औषधं धड पोचत नाहीत. त्यामुळे गोळ्यांनी जळजळ थांबते आणि काही आठवड्यांनी तीच जात पुन्हा डोकं वर काढू शकते. दुसरा पहारा योनीतल्या लॅक्टोबॅसिलस या उपयोगी जिवाणूंचा असतो. ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात ई. कोलायला बस्तान बसवणं अवघड जातं. शुक्राणुनाशक मलमांनी संसर्ग वाढतो तो हे जिवाणू मरतात म्हणून. यातून निघणारा धडा स्वच्छतेच्या उपदेशाच्या बरोबर उलटा आहे. या जागी रसायनं जितकी जास्त, तितका पहारा ढिला. आणि तरीही उपदेश ऐकून अपराधी वाटलेली बाई साबणाने, जंतुनाशकाने, सुवासिक ‘इंटिमेट वॉश’ने दिवसातून तीन-तीनदा धुते. अशा धुण्याने मूत्रसंसर्ग टळतो याला आधार नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पुढून मागे पुसायला सांगण्यात नुकसान काय आहे? सवय म्हणून काहीच नाही, खुशाल सांगावी. नुकसान होतं ते ही सवय निदानाच्या जागी बसते तेव्हा. चौथ्यांदा आलेल्या रुग्णाला ‘स्वच्छता ठेवा’ म्हटलं की मधुमेहाची तपासणी, मूतखड्याची शंका, बद्धकोष्ठतेची चौकशी, पाळी गेली का हा प्रश्न आणि लघवीचं कल्चर, म्हणजे त्यातला जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी, हे सगळं मागे पडतं. शिवाय ज्या समाजात शरीराची ही जागा आधीच अशुभ, अपवित्र मानली जाते तिथे ‘अस्वच्छ’ या शिक्क्याचं ओझं फार असतं. नव्याने लग्न झालेल्या मुलीला पहिल्या काही महिन्यांत वारंवार संसर्ग होणं ही वैद्यकीय पुस्तकांतली नेहमीची गोष्ट आहे. संबंधाच्या वेळी जिवाणू मूत्रमार्गात ढकलले जातात, एवढंच त्याचं कारण. हा गुप्तरोग नाही, तो नवऱ्याने बायकोला ‘दिला’ असं म्हणता येत नाही आणि तिच्या चारित्र्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण हे कुणी तिला स्पष्ट सांगितलेलं नसतं, म्हणून ती गप्प राहते, ताप येईपर्यंत दुखणं अंगावर काढते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. पाळीच्या वेळी कापड वापरणाऱ्या स्त्रियांना संसर्ग जास्त होतो असं भारतातल्याच अभ्यासात दिसलं आहे, मग स्वच्छतेचा संबंध नाही कसा? ओडिशातला हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला, आणि पुन्हा वापरायचं कापड घेणाऱ्या स्त्रियांमध्ये जननमार्ग व मूत्रमार्गाचे संसर्ग मिळून जास्त आढळले, हे खरं आहे. पण त्या आकड्यात योनीमार्गातला जिवाणूबदल आणि मूत्रसंसर्ग एकत्र मोजलेले होते. मूत्रसंसर्ग वेगळा काढून, बाकीचे घटक जुळवून पाहिलं तेव्हा त्याच्याशी जोडलेला एकच घटक उरला, तो म्हणजे कमी शिक्षण. घरात अंग धुण्यासाठी स्वतंत्र जागा असलेल्या स्त्रियांना योनीमार्गाचा त्रास कमी होता, हेही त्यातच आहे. कोरडं, उन्हात वाळवलेलं कापड किंवा पॅड मिळणं हा प्रत्येकीचा हक्क आहे आणि त्यासाठी जरूर भांडावं. पण त्या अभ्यासातून मूत्रसंसर्गाचा दोष बाईच्या सवयींवर टाकता येत नाही. तो पुन्हा जागेकडे, पैशाकडे आणि शिक्षणाकडेच बोट दाखवतो.

आणखी एक समज सार्वजनिक संडासांचा. घाणेरड्या भांड्यावर बसल्याने मूत्रसंसर्ग होतो ही भीती इतकी पक्की आहे की त्यापायी बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. खरा धोका तिथून सुरू होतो. अमेरिकेतल्या शिक्षिकांचा 1997 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. निम्म्या शिक्षिका शाळेच्या वेळात लघवीला जावं लागू नये म्हणून मुद्दाम कमी पाणी पीत होत्या, आणि त्यांच्यात मूत्रसंसर्गाचं प्रमाण इतरांच्या दुप्पट होतं. लघवी फार वेळ न करण्याचा मात्र तितका स्पष्ट संबंध त्यात निघाला नाही. उपाय म्हणून पाण्याची थेट परीक्षा 2018 साली प्रसिद्ध झाली. बल्गेरियात, दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या 140 स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, नेहमीप्रमाणे पिणाऱ्यांना 3.2 वेळा. हा अभ्यास बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपनीच्या पैशातून झाला, हे लपवण्याचं कारण नाही. पण नळाचं, विहिरीचं उकळलेलं पाणीही तेच काम करतं आणि त्याचा कुणाला नफा होत नाही. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच पाणी वाढवावं.

आता हाच सल्ला महाराष्ट्रातल्या बाईच्या दिवसावर ठेवून पाहावा. सकाळी साडेपाचला घर सोडणारी एसटीची महिला वाहक, चौकात आठ तास उभी असणारी वाहतूक पोलीस, पाड्यापाड्यांतून फिरणारी आशा कार्यकर्ती, उसाच्या फडात कोयता चालवणारी मजूर, बाजारात टोपली घेऊन बसलेली भाजीवाली. जास्त पाणी प्या, हे त्यांना सांगणं सोपं आहे. लघवीला कुठे जायचं ते सांगितल्याशिवाय तो सल्ला पोकळ आहे. तांब्या भरून ठेवला तरी त्या पिणार नाहीत, कारण पुढच्या दोन तासांचा हिशेब त्यांना पाठ असतो. मुंबईत 2011 साली सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने नेमकं यावर बोट ठेवलं. पुरुषांच्या मुताऱ्या फुकट आणि बायकांना मात्र लघवीसाठीही पैसे, ही विषमता तिने चव्हाट्यावर आणली आणि स्त्रियांसाठी मोफत, सुरक्षित, पाणी असलेल्या मुताऱ्या मागितल्या. या मागणीकडे नागरी सोयींचा विषय म्हणून पाहिलं गेलं. माझ्या मते तो मूत्रसंसर्ग टाळण्याचा पहिला वैद्यकीय उपाय आहे. उन्हाळी लागली की धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, शहाळं देणाऱ्या घराघरांतल्या उपचारातही गुण असेल तर तो आधी त्यातल्या पाण्याचा आहे. त्या पाण्याला वाट हवी.

वय वाढलं की प्रश्नाचं रूप बदलतं, उपदेश मात्र तोच राहतो. भारतात पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, आणि गर्भाशयासोबत बीजकोशही काढलेल्या बाईची ती त्याआधीच थांबते. इस्ट्रोजेन घटलं की योनीचं अस्तर पातळ होतं, लॅक्टोबॅसिलस कमी होतात, आम्लता जाते, आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच वारंवार संसर्ग सुरू होतो. इस्राएलमध्ये झालेल्या आणि 1993 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा स्त्रियांना योनीत लावायचं इस्ट्रिऑलचं मलम दिलं. त्यांना वर्षाला सरासरी 0.5 वेळा संसर्ग झाला, औषध नसलेलं, नुसतं तसंच दिसणारं मलम मिळालेल्यांना 5.9 वेळा. इतका मोठा फरक औषधांच्या चाचण्यांत क्वचितच दिसतो. आज अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना पाळी गेलेल्या स्त्रियांना हा उपचार द्यावा असं सांगतात. पण आपल्याकडे साठीच्या बाईला तिच्या योनीबद्दल विचारायला डॉक्टर अवघडतात आणि सांगायला ती लाजते. संप्रेरक म्हणजे कर्करोग, ही भीती इथे आड येते. योनीत लावायच्या या मलमातून रक्तात जाणारं प्रमाण फार थोडं असतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी मात्र आपल्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावं.

तपासणीतही असाच निष्काळजीपणा चालतो. लघवीचा साधा रिपोर्ट येतो, त्यात ‘पस सेल्स 8-10’ असं लिहिलेलं दिसतं आणि औषध सुरू होतं. कोणता जिवाणू, कोणत्या औषधाला दाद देणारा, हे कल्चरशिवाय कळत नाही आणि कल्चरला एक-दोन दिवस लागतात. नमुना कसा घ्यायचा हेही बहुतेकींना कुणी सांगत नाही. लघवीची पहिली धार सोडून द्यायची, मधली धार निर्जंतुक बाटलीत धरायची, अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधीच हे करायचं, आणि बाटली दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवायची किंवा फ्रिजमध्ये ठेवायची. खेड्यातून सकाळी घेतलेली बाटली पिशवीत घालून दुपारी तालुक्याला पोचली तर वाटेत जिवाणू बेसुमार वाढतात आणि रिपोर्ट खोटा निघतो. याउलट पस सेल्स पुन्हा पुन्हा दिसतात, पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असं झालं तर आपल्या देशात मूत्रमार्गाच्या क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. अशा बाईला वर्षानुवर्षं साध्या संसर्गाच्या गोळ्या देत राहणं आणि वर स्वच्छतेबद्दल सुनावणं हा तिच्यावर दुहेरी अन्याय आहे.

आणखी एक चूक उलट्या दिशेने होते. त्रास काहीच नाही, पण रिपोर्टमध्ये जिवाणू दिसले म्हणून अँटिबायोटिक दिलं जातं. इटलीत वारंवार संसर्ग होणाऱ्या 673 तरुण स्त्रियांवरचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. लक्षणं नसताना जिवाणूंवर उपचार केलेल्या गटात वर्षभरात 46.8 टक्के स्त्रियांना पुन्हा संसर्ग झाला. उपचार न केलेल्या गटात 13.1 टक्के. निरुपद्रवी जिवाणू मारले की त्यांची जागा जास्त त्रासदायक जात घेते, असा याचा अर्थ लावला जातो. म्हणून गर्भारपण आणि मूत्रमार्गावरच्या काही शस्त्रक्रिया सोडल्या तर लक्षणं नसताना औषध देऊ नये, असं आंतरराष्ट्रीय सूचना सांगतात. ‘लघवी अगदी स्वच्छ झाली पाहिजे’ हा हट्ट याच स्वच्छतेच्या कल्पनेचं वैद्यकीय रूप आहे.

इथे व्यवहाराचा आक्षेप येतो. कल्चरला पैसे लागतात, दिवस बुडतो, जळजळ थांबत नाही. मग बाईने मेडिकलमधून चार गोळ्या घेतल्या तर तिचं काय चुकलं? तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण काउंटरवर काय घडतं ते पाहू. कात्रीने पट्टीतल्या चार गोळ्या कापल्या जातात, सोबत जळजळीचं सिरप येतं. गोळी बऱ्याचदा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली किंवा सेफिक्झिम असते. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अहवालांनुसार मोठ्या रुग्णालयांमधल्या ई. कोलायपैकी निम्म्याहून जास्त जाती सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देत नाहीत. स्नायुबंध आणि मज्जातंतूंवरच्या दुष्परिणामांमुळे, दुसरा पर्याय असेल तर साध्या मूत्रसंसर्गाला हे औषध देऊ नये, अशी ताकीद अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 सालीच दिली. सेफिक्झिम 2014 पासून अनुसूची एच-1 मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि विकल्याची नोंद ठेवायची, असा नियम आहे. साध्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरँटॉइनचे पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनचा तीन ग्रॅमचा एकच डोस, हे जुने आणि अजून टिकून असलेले पर्याय आहेत. सोबतचं सिरप लघवी अल्कधर्मी करतं आणि नायट्रोफ्युरँटॉइन आम्ल लघवीत जास्त चांगलं काम करतं, हे दुकानात कुणी सांगत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात कल्चरचा नमुना घेण्याची आणि ही दोन औषधं मिळण्याची सोय झाली तर चार गोळ्यांची गरजच उरणार नाही.

मग रोज अँटिबायोटिक न घेता संसर्ग टाळता येतो का? येतो, आणि याचे पुरावे आता चांगले आहेत. ब्रिटनमधल्या 240 स्त्रियांवरच्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मिथेनामाइन हिप्युरेट हे लघवीत जिवाणूनाशक बनणारं जुनं औषध रोजच्या अँटिबायोटिकपेक्षा फारसं कमी पडलं नाही: वर्षाला 1.38 विरुद्ध 0.89 संसर्ग. क्रॅनबेरीबद्दल कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या 2023 च्या आढाव्याने पन्नास चाचण्या एकत्र पाहिल्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांत धोका साधारण चौथ्या हिश्श्याने कमी झाल्याचं सांगितलं. मात्र हे महागडं आयात फळ आपल्याकडे सर्वांचा उपाय होऊ शकत नाही. डी-मॅनोज या साखरेची जाहिरात खूप होते. 2024 साली ब्रिटनमधल्या 598 स्त्रियांवरच्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. संबंधांनंतरच संसर्ग होत असेल तर त्याच वेळी अँटिबायोटिकचा एक छोटा डोस, हाही डॉक्टरांनी ठरवायचा मान्य मार्ग आहे. प्रत्येकीचं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा.

हे सगळं वाचून दुखणं अंगावर काढण्याची मुभा कुणी घेऊ नये. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत कळ, उलट्या ही मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचल्याची लक्षणं आहेत आणि त्या दिवशीच डॉक्टर गाठायला हवा. लघवीतून रक्त, गर्भारपण, लहान मूल, पुरुष रुग्ण, यांतही घरी थांबू नये.

माझी मागणी डॉक्टरांकडे, आरोग्य खात्याकडे आणि घरातल्या मोठ्यांकडे सारखीच आहे. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या बाईला यापुढे ‘स्वच्छता ठेवतेस का’ असं विचारू नका. दिवसभरात पाणी किती पितेस, कामाच्या ठिकाणी जायला जागा आहे का, पाळी सुरू आहे का, साखर तपासली का, मागच्या वेळी कल्चर केलं होतं का, त्रास कशानंतर सुरू होतो, आईलाही असंच होतं का, हे विचारा. या प्रश्नांची उत्तरं मिळाली की काहीतरी करता येतं. ‘स्वच्छता ठेवतेस का’ याचं उत्तर काहीही आलं तरी तिच्या आजारात फरक पडत नाही, फक्त तिची मान खाली जाते.